ओल्या वातीचं पाणी

सातवीतून शाळा सुटली तेव्हा थर्मामीटर म्हणजे तापाचं, एवढंच मला माहीत होतं. हवाही मोजतात, आणि ती मोजायला दोन थर्मामीटर लागतात, हे मला सुरतेत नानांनी शिकवलं. नाना आमच्याच तालुक्यातले, साठीला टेकलेले. धुळ्याकडच्या गावातून मला त्यांनीच आणलं, लिंबायतच्या आपल्या खोलीत चार महिने ठेवलं, आणि माझ्या ताटाकडे कधी मोजत्या नजरेनं पाहिलं नाही. आज मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

आमचं सुती कापडाचं विणकाम. हवा कोरडी पडली की सुती धागा काचेसारखा तुटतो, म्हणून शेडमध्ये छताला पाण्याचे बारीक फवारे होते. ते कधी सुरू करायचे हे खांबावरच्या एका लाकडी फळीवर ठरायचं. फळीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर. एकाचा बल्ब उघडा, दुसऱ्याच्या बल्बला कापसाची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात.

"घाम वाळला की अंग गार पडतं ना?" नाना म्हणाले होते. "या वातीचंही तसंच. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि ओला पारा खाली उतरतो. हवा आधीच ओली असली तर पाणी उडून जाईल कुठे? मग दोन्ही पारे भावासारखे बरोबर उभे राहतात."

दोघांत किती अंतर आहे ते बघायचं, तक्त्यावरून हवेतला ओलावा काढायचा, आणि दर दोन तासांनी पाटीवर खडूनं लिहायचं. हे काम नानांचं. गुडघे गेल्यामुळे माग चालवणं त्यांना जमत नव्हतं. शेठनं त्यांना ठेवलं होतं ते या पाटीसाठीच. पाटी चुकली की नाना गेले, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बाटली भरायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "गोडंच पानी टाकजो," एवढं बजावलं.

गोडं पाणी म्हणजे पिण्याच्या जारचं. पाळीला दोनच जार यायचे. हात धुवायला, लादी पुसायला बोअरचं पाणी, ते मचूळ खारट. आमच्या गावाला पिण्याचं पाणी आई दीड कोसावरून आणायची. त्या पाण्यानं एकदा पाय धुतले म्हणून तिनं मला रात्री जेवायला वाढलं नव्हतं. पिण्याचं पाणी भांड्याबाहेर सांडलं तरी आमच्याकडे लोक चुकचुकतात. माणसं तहानलेली असताना ते गोडं पाणी मी एका वातीला पाजू? माझ्यानं होईना. पहिले काही दिवस घातलं. मग बोअरचं भरायला लागलो. पाणी ते पाणी, वात ओली झाल्याशी काम.

पाणी उडून जातं, मीठ जात नाही. ते वातीवर बसत गेलं. वात कडक झाली, पाणी धड वर चढेना, चढलं तरी पूर्वीसारखं उडेना. ओला पारा हळूहळू वर राहायला लागला. मला वाटलं, समुद्र जवळ आहे, ओलावा वाढला असेल.

होळीच्या आधीचे ते दिवस. दुपारी कोरडा वारा सुटायचा. धागे तुटायला लागले, आणि पाटी म्हणत होती अडुसष्ट टक्के ओलावा, फवारे बंद ठेवा.

"नाना, तुमची पाटी ओली आणि आमचे ओठ फुटलेले," शेजारच्या मागावरचा कारागीर म्हणाला. "एकदा पाटीलाच चाटून बघतो."

"चाट. तेवढंच तुझं तोंड बंद राहील."

त्यानं मोबाइलवर हवामान काढून दाखवलं, ओलावा बराच कमी. नाना म्हणाले, "तो सगळ्या शहराची हवा सांगतो. शेडची हवा ही फळी सांगते. बारा वर्षांत खोटं बोलली नाही."

ते ऐकताना मी हसलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

चौथ्या दिवशी बराच माल परत आला आणि शेठ दुसरं मीटर घेऊन स्वतः शेडमध्ये आले. त्यात त्रेचाळीस. पाटीवर अडुसष्ट. नाना फळीजवळ गेले. त्यांनी बाटली काढली, बोट बुडवून जिभेला लावलं. मी दोन माग सोडून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"डोळे गेलेत माझे, शेठ," ते म्हणाले. "आकडे नीट दिसत नाहीत. लपवलं, चूक झाली."

संध्याकाळी मी खोलीवर गेलो तेव्हा ते पिशवी भरत होते. मी रडायला लागलो.

"कसाले रडस?" ते म्हणाले. "माले गाव शे, घर शे. तुला सातवीवर कोण उभं करणार? कोनले सांगू नको."

मी नाही सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हटल्यावर मला हायसं वाटलं. पाटी माझ्याकडे आली. वर्षभर मी आकडे लिहीत होतो आणि रोज सकाळी वाटायचं, आज कोणीतरी ओळखेल.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. शेठला सगळं सांगितलं. मला काढतील या तयारीनं खोलीवरची ट्रंकही बांधून ठेवली होती. ते म्हणाले, "हवे शुं, भाई? आता काय त्याचं? बोलाव म्हाताऱ्याला. म्हणावं, काम आहे."

मी तिथूनच फोन लावला. वाटलं होतं, नाना हसतील.

"कसा येऊ?" ते म्हणाले. "इथं सगळ्यांना डोळ्यांचंच सांगितलंय. पोरगा रस्ता एकट्याला ओलांडू देत नाही. शेतात जाऊ देत नाही, म्हणतो विहिरीत पडशील. नातू कागद वाचून दाखवतो, मीही ऐकतो. आता कोणाला सांगू, मला दिसतं म्हणून?"

"मी येतो नाना. मी सांगतो त्यांना."

"सांगशील. मग पोरगा तुला विचारेल, वर्षभर कुठे होतास. काय सांगशील?"

त्यांनीच मग जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. त्याला दोन महिने झाले. धुळ्याची बस उधन्याहून रोज सुटते. मी अजून गेलेलो नाही.