लेकीच्या बेटावर जायची तयारी

तामलवाडीच्या गुंडप्पांना कशाचंच भ्या नाही, असं गाव सांगायचं. मारक्या बैलाला ते शिंगाला धरून खाली बसवत. निजामाच्या पोलिसालासुद्धा "काय रे बाबा, जेवलास का?" असं विचारत. पण ओढ्याला गुडघाभर पाणी आलं, की हेच गुंडप्पा अलीकडच्या काठावर उकिडवे बसत आणि पाणी उतरेपर्यंत उठत नसत.

त्याला कारण होतं. ते लहान असताना त्यांचे चुलते कल्याणप्पा पुरातून पोहून आले. माणूस आला, गळ्यातलं इष्टलिंग वाहून गेलं. नुसता शिवदोरा मानेला चिकटलेला. लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. आता पूजा कशाची करायची? कल्याणप्पा भिंतीला पाठ लावून बसले. मठातले स्वामी स्वतः आले. "नवं बांधतो, ऊठ," म्हणाले. "माझं गेलं," एवढंच कल्याणप्पा बोलले, आणि अन्नपाण्यावाचून तिथंच संपले. पोरवयातले गुंडप्पा समोर बसून ते बघत होते. पुढं हीच गोष्ट त्यांनी आपल्या इरम्माला सांगितली, पोरीनं ओढ्यात उतरू नये म्हणून.

पोरगी ओढ्यात कधी उतरली नाही. नशिबानं तिला थेट समुद्रात नेऊन ठेवलं.

जावई शांतलिंग लग्नाच्या वेळी धारवाडला होता. मागाहून त्याची बदली झाली ती कारवारकडं, सरकारी सुरूच्या बागेवर राखणदार म्हणून. बाग कुठं, तर वाळूच्या लांबट बेटावर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी.

लढाईचं साल होतं. चैत्रात शांतलिंगचा चुलतभाऊ विरुपाक्ष सोलापूरला कामाला आला, तसा निरोप घेऊन तामलवाडीलाही आला. त्याचं बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला कानडी 'री' बांधलेला.

"मामा, वैनीला सातवा लागला री. पैलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण ती दोणीत पाय ठेवंना री! 'अप्पा न्यायला आले तरच बसीन,' म्हणती. पाऊस लागला की दोणी बंद. मग बेटावर सुईण न्हाय, काय न्हाय. सुरूची झाडं आन आमचा शांतलिंग, दोघं मिळून काय करणार री?"

"दोणी म्हंजी नाव?" गुंडप्पांनी विचारलं.

"हौदु, नावच री."

"पाणी किती असतंय?"

"खाडीचं थोडंच री. समुद्राचं मोजत न्हाईत. दिसातनं दोनदा वर चढतंय, दोनदा उतरतंय."

"चढतंय?" गुंडप्पा पुढं सरकले. "पाऊस नसताना? कुठवर चढतंय?"

"घरापातूर... न्हाय न्हाय री, अलीकडंच थांबतंय!"

त्या दिवशी गुंडप्पांना भाकर गोड लागली नाही. जायचं तर होतंच. नाही गेलो तर पोरगी तिथं, पाण्याच्या मधोमध अडकणार; आणि ती दोणीत बसत नाही ती आपल्याच गोष्टीमुळं, हे काही कुणी सांगायला नको होतं. पण डोळे मिटले की कल्याणप्पांची मान दिसायची आणि तिला चिकटलेला तो ओला दोरा.

शेजारच्या बलभीमचं गुऱ्हाळ होतं. त्याला तोड सुचली.

"अप्पा, गुळाची काहील हाय की! लोक पुराच्या पाण्यातनं काहिलीत बसून पल्याड जात्यात. तुमी आमच्या विहिरीत बसून बघा. एकदा सवय झाली की समुद्र काय आन विहीर काय!"

"विहीर चढत न्हाय, बलभीमा."

"मग सोपंच झालं की!"

आठ गड्यांनी काहील दोरानं विहिरीत उतरवली. काठावर निम्मं गाव. गुंडप्पा पायऱ्या उतरले, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि काहील जी गर्रकन फिरली! गुंडप्पांनी डाव्या हातानं कड धरली, उजव्या मुठीत गळ्यातलं लिंग. तोंडातून नुसता "अंऽऽ" असा आवाज, बिघडलेल्या मोटेच्या चाकासारखा.

"अप्पा, कारवार आलं का?" वरून कुणीतरी ओरडलं.

"जरा खाली वाका, माशांना रामराम घाला!"

काठावर हशा पिकला. उमाबाई, गुंडप्पांची बायको, तेवढी हसली नाही. कमरेवर हात ठेवून ती नवऱ्याकडं एकटक बघत होती. काहील थांबल्यावर तिनं वरूनच विचारलं, "अवं, एक हात कडंला, एक हात लिंगाला. येताना पोटुशी पोर संगं असणार. तिला कंच्या हातानं धरणार?"

गुंडप्पांनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. मूठ उघडेना; बलभीमनं वर आणल्यावर उमाबाईनं एकेक बोट सोडवलं.

घरी आल्यावर तिनं बंडीला आतून, छातीवर, जाड मांजरपाटाचा खिसा लावला. "लिंग ह्यात घालायचं, तोंड शिवून टाकायचं. गळ्यात दोरा हायच. मग दोन्ही हात मोकळे."

"रोज पूजेला काढावं लागंल की."

"मग रोज उसवा आन रोज शिवा. शिका."

तळहात काहिलीएवढे रुंद, बोटं शेतकामानं चरबट झालेली. असे गुंडप्पा सुई घेऊन ओसरीवर बसू लागले. बोटाला सुई टोचली की येणारा-जाणारा "अप्पा, झबलं शिवताय का नातवाचं?" विचारी. पण टाका घट्ट बसू लागला, तसा त्यांचा जीवही जरा जागेवर आला. आपण ओढून बघायचं, उमाबाईनं ओढून बघायचं. निघत नाही. निघायचा दिवस ठरला.

पहाटे पूजा करून, टाके घालून, सुई पागोट्यात खोचून गुंडप्पा निघाले. बलभीम गाडीनं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यापर्यंत आला. तिथं निजामाची हद्द संपायची आणि पलीकडं सोलापूरची मोटर उभी असायची. नाक्यावरच्या जवानानं गाठोडं चाचपलं, कंबर चाचपली, आणि छातीवरच्या गाठीवर त्याचा हात थांबला.

"ये क्या है?"

"देव हाय, साहेब."

"देव कैकू सीके रखा? सोना है क्या? निकालो."

"साहेब, त्याला हात—"

"निकालो बोला ना!"

परक्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून गुंडप्पांनी स्वतःच ते टाके दातांनी तोडले. कापडाची घडी उघडून लिंग तळहातावर धरलं. जवान बघतच राहिला. दोन पावलं मागं सरला.

"अरे तौबा. मेरेकू क्या मालूम, अप्पा? पैले बोलना था ना. जाव, जाव."

गुंडप्पांनी लिंग परत खिशात घातलं, पागोट्यातली सुई काढली. दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. ओला करून पाहिला, जाईना. पलीकडून मोटरवाल्यानं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला.

"अप्पा," बलभीम हळूच म्हणाला, "चला माघारी. वैनी टाके घालतील. उद्या निघू."

गुंडप्पांनी तामलवाडीच्या वाटेकडं पाहिलं. घरी ओसरी होती, भाकर होती, कोरडी जमीन होती. आज माघारी गेलो तर उद्या काही आपण येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतःला ओळखून होते. त्यांनी सुई बलभीमच्या हातात दिली आणि मोटरीकडं चालू लागले. खिशाचं तोंड उघडंच.

मोटरीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणीकडं निघालात?"

"लेकीला आणाया. समुद्रात दिलीय."

"आरं देवा! मग नावंत बसावं लागंल?"

"त्यात काय हाय?" गुंडप्पा म्हणाले. "लई सोपं असतंय, पोरी."

म्हातारा चमकून बघू लागला. गुंडप्पांचं लक्ष नव्हतं. दोणीपाशी इरम्माला म्हणायचं ते वाक्य अजून नीट जमलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि खिडकीकडं तोंड करून तेच पुन्हा म्हणून पाहिलं.