मारोतरावांची खुडूक कोंबडी

एसटी ठरल्या वेळेलाच सुटते, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी मारोतराव. बत्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर लाखांदूरजवळच्या आपल्या गावी परतले, तलावाकाठचं घर दुरुस्त केलं आणि कोंबड्या पाळायचं ठरवलं. कोंबडीबद्दल त्यांना ठाऊक होतं ते सगळं ताटातलं होतं.

तयारी मात्र जोरदार. मुंगूस शिरू नये म्हणून चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, आत दोन गावरान कोंबड्या, एक काळी आणि एक तांबडी. बाजारातली बाई कोंबडाही देत होती, पण यांनी साफ नकार दिला. पहाटे चारला उठून पहिली गाडी काढण्यात जन्म गेला होता. आता कुणी ओरडून उठवलेलं त्यांना खपणार नव्हतं.

दोन महिने अंडी खाण्यात मजेत गेले. मग काळी बिघडली. टोपलीतून उठेना, पिसं फुगवून बसे, हात लावला की टोचे. मारोतराव घाबरले. एकाने सांगितलं हळद पाजा, दुसऱ्याने सांगितलं गार पाण्यात बुचकळा. शेवटी त्यांची बायको ललिताबाई म्हणाली, "खुडूक झाली असन ते. तिले अंडे उबवाचे हायेत. ठेवून पाहा." तीही तुमसरसारख्या शहरात वाढलेली, हे ऐकूनच सांगत होती.

अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवसाला कॅलेंडरवर गोल केला. बाविसाव्या दिवशी मारोतराव म्हणाले, "लेट हाये." पंचविसाव्या दिवशी ते तासातासाला टोपलीत डोकावू लागले. काळी दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपे आणि परत जाऊन बसे. तिच्या छातीचं हाड हाताला लागू लागलं होतं. अंडी काढायला जावं तर अंगावर येई, ठेवावी तर उपाशी मरायची. "मी का करू, मले समजूनच नाई राहिलं," असं ते दिवसातून दोनदा मला सांगत. मी शाळेत गणित शिकवतो. मला तरी काय समजणार? पण त्यांचा चेहरा बघून वाईट वाटे.

शेवटी गावातल्या बायजाबाईला बोलावलं. तिचा जन्म कोंबड्यांत गेला. तिने एक अंडं कानाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. मग तिने जाळीभर नजर फिरवली.

"कोंबडा कुठी हाये?"

"कोंबडा कायले? अंडे तं कोंबडीच देते."

बायजाबाई हसता हसता खाली बसली. मीही हसलो. पंचवीस दिवसांत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

मारोतराव हसले नाहीत. "मंग हे अशीच बसून मरन का?"

बायजाबाईच्या कोंबडीने त्याच सकाळी चौदा पिल्लं काढली होती. दिवेलागणीला ती त्यातली सहा पदरात घेऊन आली. "अंधारात पोटाखाली सरकवा. घेतले तं घेतले, नाई तं टोचून मारन."

एकेक अंडं काढून एकेक पिल्लू सरकवलं. काळी गुरगुरली. मान वाकवून तिने खाली चोच नेली, तेव्हा मारोतरावांनी डोळेच मिटून घेतले. तिने पिसं आणखी फुगवली आणि पिल्लं आत ओढून घेतली.

सकाळी ती बाहेर आली. पिल्लांना उकरून दाखवत होती आणि स्वतःही अधाशासारखी खात होती. मारोतराव जाळीला टेकून बघत बसले. त्यांचा गोंधळ काही संपला नव्हता.

"काहून वो, हे आपले नाईत, हे तिले समजत नसन का?"

ललिताबाई पिल्लांना तांदळाची कणी टाकत होती. ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा मारोतरावांच्या पहिल्या बायकोची मुलगी रेणू दीड वर्षाची होती.

"समजते," ती वर न बघता म्हणाली. "पयल्याच राती समजते."