जावयाला दिलेला पट

अजूनही कुणी मला विचारतं, "तुमचे दादा एवढे पट्टीचे खेळाडू, मग टीमच्या मॅचमध्ये त्यांना व्हायचं तरी काय?" आणि माझं डोकं फिरतं. उत्तर मला ठाऊक आहे. ते गोल्फच्या नियमांत नाही, आमच्या घरात आहे.

आमचं घराणं झाशीत आलं ते सरदारांच्या मागोमाग, हिशेब लिहायला. सरदार गेले, रेल्वे आली, मग आजोबा आणि वडील रेल्वेचे हिशेब लिहू लागले. दादा आणि मी मात्र लाइनीपलीकडच्या मैदानावर साहेबांचे चेंडू उचलता उचलता गोल्फ शिकलो आणि त्यावरच पोट भरू लागलो. आम्ही प्रो. म्हणजे साहेबांना शिकवायचं, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या आणि स्पर्धा असली की खेळायचं. आई शेजारणींना सांगायची, "दोनों रेलवे के क्लब में हैं।" पुढचं सांगायची नाही.

मैदान म्हटलं म्हणून हिरवळ डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे भोकाभोवती गवत नव्हतं, वाळू होती. लोको शेडमधलं जळकं तेल शिंपडून ती बसवायची. पायांचे ठसे उमटले की बांबूला लावलेली फळी ओढून पुन्हा सारखी करायची आणि मगच पट मारायचा, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडे ढकलायचा. या वाळूवर दादाला तोड नव्हती. स्ट्रोकप्लेमध्ये पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंतचा प्रत्येक फटका मोजतात, ज्याचे कमी तो जिंकला. त्यात कानपूर, आग्र्याचे प्रो दादाच्या फटक्यांचं कार्ड बघून गप्प बसायचे.

मॅचप्लेचा कारभार वेगळा. तिथं समोरासमोर लढत, एकेक होल, म्हणजे एका भोकापर्यंतचा डाव, जिंकायचा नाहीतर घालवायचा. समोरच्याचा चेंडू भोकाजवळ असेल तर तो पडलाच असं धरून त्याला 'दिला' म्हणता येतं. एकदा दिला की परत मागता येत नाही. ही द्यायची सोय ज्यानं काढली त्याची झाशीतल्या मराठी घरांशी ओळख नसणार.

कारण आमच्या घरात जावई म्हणजे देव. मराठी मान होताच, त्यात बुंदेलखंडाची भर पडली. इथं सासरासुद्धा जावयाच्या पायाला हात लावतो आणि मुलीच्या घरचं पाणी पीत नाही. दोन्हीकडचं सोवळं आम्ही उचललं, सोडलं काहीच नाही. आणि आमचा जावई होता ग्वाल्हेरचा प्रो. दादानंच त्याला एका स्पर्धेत हेरलं आणि ताईचं लग्न जमवलं.

एका वर्षी ग्वाल्हेरची टीम झाशीला आली. दादा तेव्हा कच्च्या नोकरीवर होता, दर हंगामाला नव्यानं हात जोडायचे. क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "टीम जिता दो, कमेटी तुम्हें पक्का कर देगी। क्वार्टर भी मिलेगा।" प्रेम नगरातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आईला दमा होता आणि शेजारच्या भट्टीचा धूर थेट तिच्या खाटेवर यायचा. क्वार्टर म्हणजे आईला श्वास, एवढा साधा मामला होता.

साहेबांनी वर्षभराची कार्डं बघून दादाला शेवटच्या जोडीत ठेवलं. सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटी. जोडीदार मी. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. समोर ग्वाल्हेरचा एक पोरगेलासा प्रो आणि आमचे जावई, म्हणजे माझे भावजी.

तिसऱ्याच होलवर भावजींचा चेंडू भोकापासून काठीभर लांब थांबला. ते फळी ओढू लागले तर दादा म्हणाला, "राहू द्या जावईबापू, दिला."

मी दादाला बाभळीआड ओढलं. "अरे, तो चुकला असता!"

"एवढ्याशा चेंडूसाठी जावयाला वाकायला लावू?"

"दुसऱ्याला नाही ना देत?"

"तो कुठं आपला जावई आहे?"

कपाळ माझं. मी दात-ओठ खात खेळत राहिलो. मी चेंडू नीट ठेवायचो, दादा त्याहून नीट मारायचा, आणि भोकापाशी पोचलो की दादा दानधर्म करायचा. भावजी मात्र आमचा एकही पट देत नव्हते. आम्हाला प्रत्येक चेंडू पाडून दाखवावा लागत होता. त्यात गैर काहीच नव्हतं, ते टीमसाठी खेळत होते. मला राग त्यांचा नव्हता. खरं सांगायचं तर त्यांचाही होता.

इतकं करूनही शेवटून दुसऱ्या होलवर आम्ही एकानं पुढे होतो. बाकीच्या लढती सारख्या सुटल्या होत्या, आता सगळं आमच्यावर. आमचा चेंडू पडला. भावजींचा दोन हातांवर होता, उतरता, वाकडा. तो चुकला की होल आमचा, मॅच आमची, क्वार्टर आमचं. मी दादाकडे पाहून मान हलवली. नको. त्यानं मला पाहिलं, नक्की पाहिलं. तेवढ्यात मालगाडी आली आणि भावजी डबे संपायची वाट बघत उन्हात घाम पुसत उभे राहिले. दादाला ते बघवलं नाही. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "दिला, जावईबापू. या सावलीत." होल बरोबरीत सुटला, आम्ही एकानंच पुढे राहिलो.

शेवटच्या होलवर त्यांचा चेंडू चारांत पडला. आम्हालाही चार पुरे होते. तीन झाले होते, चौथा दादाचा, वीतभर. असा पट दादा झोपेतही पाडायचा. पण आता तरी 'दिला' ऐकू येईल म्हणून त्यानं मान वर करून भावजींकडे पाहिलं. भावजी सिग्नलकडे बघत होते. दादा वाकला तेव्हा त्याचा चेहरा मला आवडला नाही. चेंडू कडेला लागून बाहेर आला.

मॅच बरोबरीत सुटली. साहेब म्हणाले, "बराबरी जीत नहीं होती।" एवढंच, आणि ते चहाच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी भावजी आणि ताई आमच्याकडे जेवायला. भावजींना चौरंग, चांदीची वाटी, दादा स्वतः तूप वाढतोय. आई आतल्या खोलीत खोकत होती. भावजी मान खाली घालून जेवत होते. मी सगळं बोलून टाकलं, सतराव्या होलचं, मालगाडीचं, क्वार्टरचं. क्वार्टरचं ताईला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई पोळी वाढता वाढता थांबली. "दादा, हे कशासाठी केलंस?"

"तुझ्यासाठीच ना. सासरी तुझा मान राहावा म्हणून."

"मला विचारायचं तरी."

दादानं तुपाची वाटी खाली ठेवली. म्हणाला, "स्ट्रोकप्लेमध्ये बरं असतं गं. तिथं कुणाला काही देताच येत नाही."

पोळ्यांचा डबा ताईनं तिथंच ठेवला आणि आत गेली. जरा वेळानं आईची खाट सरकवल्याचा आवाज आला. खिडकीपासून दूर, भिंतीकडे. पण ती खोलीच एवढीशी, खाट सरकून सरकून जाणार कुठं.