वही नसलेलं फाटक

आज महापालिकेच्या बागेच्या फाटकाशी एक नवखा माणूस आत जावं की नाही, अशा विचारात उभा होता. मीही एकदा असाच उभा राहिलो होतो.

मी फरशी बसवतो. गाव इथून रात्रभराच्या एसटीवर, आणि शाळा सातवीतच सुटली. या शहरात ज्या इमारतीत कामाला जावं, तिथं फाटकावर वही पुढे येते. नाव लिहा, कोणाकडे आलात ते लिहा. लिहिताना माझा हात अजून अडखळतो. म्हणून पहिल्या रविवारी बागेच्या रखवालदाराला मी आपणहूनच विचारलं, "मामा, वही कुठंय?"

तो हसतच सुटला. "अरे, बाग आहे ही! कोणत्या झाडाला भेटायला आलास, ते लिहिणार का? जा, बस निवांत."

त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. मीच बसवलेल्या फरश्यांवर मला पुन्हा पाय ठेवता येत नाही. इथल्या मातीवर मात्र कोणीही यावं. तरी कोणी उठवेल की काय, ही धाकधूक असतेच. इथं कोणी काही विचारत नाही याचं बरं वाटतं, आणि दिवस कलला की नेमकं तेच सलतं.

आज मी बसलो होतो त्या बाकापाशी एक आजी थांबल्या. "दादा, इथं तुमचं कोणी येणार आहे का?"

"नाही हो, कोणी नाही. बसा."

त्या बसल्या. बाकावर जागा भरपूर होती, तरी मी जरा सरकलो.