पहिल्या जोडीचा कागद

आमचे हे राज्याच्या दप्तरखान्याचे सर्वांत वरचे अधिकारी होते. ते ऐकून लोक आधी "हो का!" म्हणत आणि मग हळूच विचारत, "म्हणजे नेमकं काय करतात?" कलेक्टर काय करतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांचं तसं नव्हतं. पहिली काही वर्षं मी हौसेनं समजावून सांगत असे. पुढे कंटाळले आणि "जुने कागद सांभाळतात" एवढ्यावर आटोपतं घेऊ लागले.

खरं तर काम मोठं होतं. यांच्या खात्याची संमती असल्याशिवाय सरकारी कचेरीला एक जुना कागद जाळता येत नसे. कोणता कायमचा ठेवायचा, कोणता तीस वर्षं, कोणता वर्ष सरलं की रद्दीत, हे ठरवून देणं यांच्याकडे. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन दप्तरं तपासायची, वाळवी, उंदीर आणि गळकी छपरं यांच्याशी जन्माचं वैर धरायचं. आणि एखादा साधा माणूस अर्ज घेऊन आला, तर त्याच्या आजा-पणजाचा कागद शोधून त्याची खरी नक्कल हातात ठेवायची. हे शेवटचं काम त्यांना सगळ्यांत आवडे. ते मुंबईला असत. नागपूरचा जुना दप्तरखानाही त्यांच्याच हाताखाली होता, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी इकडे दौरा निघायचा आणि दोन-तीन दिवस वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरी मुक्काम पडायचा. मी वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. सासूबाई आणि मुलं माझ्याजवळ. हे आले की शर्टांना डांबरगोळ्यांचा वास यायचा आणि तो दोनदा धुतल्याशिवाय जायचा नाही.

घरातही तोच खाक्या. विजेची बिलं एका गठ्ठ्यात, मुलांचे निकाल दुसऱ्यात, आत्याबाईंची पत्रं तिसऱ्यात, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचं आणि ड म्हणजे लवकरच बंबात. एकदा मी चिडून विचारलं, "आणि मला कोणत्या वर्गात टाकलंय?" तर म्हणाले, "चालू फायलीला वर्ग देत नाहीत." चिडलेल्या बाईला हसवायचं कसं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

स्वतः मात्र ते एकाच वाक्यावर चिडायचे. 'शोध घेतला, कागद आढळून आला नाही.' हाताखालच्या कोणी असं लिहून पाठवलं की हे उलट टपालानं विचारत: कुठे कुठे शोधलं? कोणत्या मांडणीवर? कागदांचा कोणता बस्ता सोडला, कोणी सोडला, परत कोणी बांधला? तेवढं लिहून द्या आणि मग म्हणा, सापडला नाही. त्यामुळे यांच्या अमलात बरेच हरवलेले कागद सापडले, असं त्यांचे कारकूनच हसत सांगायचे.

माझं माहेर मोठ्या आंजीचं. आमची शेती पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि शेतीइतकाच जपलेला आमचा मान म्हणजे पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची. बाबांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा दिवस. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं, ते बाबा अशा आवाजात म्हणत की मुलीच्या लग्नातही इतक्या प्रेमानं कोणाला बोलावलं नसेल. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झुली घालून जोडी तोरणापाशी नेली की सगळं गाव बाजूला होई. बाबा एरवी वाकून चालायचे. त्या दिवशी मात्र एकदम ताठ.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्या मानावर दुसऱ्या घरानं हक्क सांगितला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, त्या काकांनी. त्यांचं घराणं मूळचं आंजीचंच, पण त्यांचे आजोबा लहानपणी केळझरला मामाकडे वाढले. काकांचे वडील परत आले, दुकान टाकलं, थोडी शेतीही घेतली. काकांचं म्हणणं असं की पहिली जोडी त्यांच्या घरची, आणि हे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. एका पोळ्याला बोलाचाली इतकी वाढली की पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणणारे गप्प झाले आणि तोरण तसंच लोंबत राहिलं. शेवटी काका सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचे जवाई तं साऱ्या राज्याच्या कागदाचे मालक हायेत ना? आना म्हना कागद. कागद म्हनन थे मले मंजूर."

बाबा तिथल्या तिथे म्हणाले, "मलेबी मंजूर."

इंग्रजांनी जमिनीचा सारा ठरवला त्या जुन्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे रिवाज लिहून घेतले होते, पाणी कोणी कसं घ्यायचं, गुरं कुठून न्यायची, हे सगळं, हे मला यांच्याकडूनच ठाऊक होतं. आंजीचा तो कागद नागपूरला असणार. म्हणजे आता जावयानं हात घालायचा आणि आणून द्यायचा, इतकी सोपी गोष्ट! हे नालवाडीला आले तेव्हा मी चहाबरोबरच सांगून टाकलं. यांनी कप खाली ठेवला.

"पहिली गोष्ट, मी मालक नाही, राखणदार आहे. दुसरी गोष्ट, मामांना अर्ज करायला सांग. तिकीट लावून."

"सासऱ्यानं जावयाकडे अर्ज करायचा?"

"जावयाकडे नाही. दप्तरखान्याकडे. आणि तो बस्ता मी सोडणार नाही, दुसरा कोणीतरी सोडेल."

मला राग आला. तरी बाबांनी अर्ज केला. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही, उलट "अर्ज कसा मस्त लिहिला" म्हणून पोस्टात टाकायच्या आधी चार जणांना दाखवला. त्यांची खात्री पाहून मीच उलटसुलट विचार करू लागले. समजा, कागदात भलतंच निघालं तर? साठी उलटलेला माणूस. उभी हयात त्या दिवसासाठी जगलेला. गावासमोर "मंजूर" म्हणून बसलेला.

पुढच्या दौऱ्याला हे आले तेव्हा एका रविवारी सकाळी अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्तानं जवळ गेले आणि मनातलं बोलले. आधी तुम्ही एकट्यानं पाहून घ्या. आपल्या बाजूनं असला तर उत्तम. नसला, तर कागद सापडत नाही म्हणून कळवा. वाळवीनं काय कमी कागद खाल्लेत?

यांनी वस्तरा थांबवला. गालावर साबण तसाच. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "कुठे कुठे शोधलं म्हणून लिहू?"

एवढंच. मी आत गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना कारल्याची भाजी अजिबात चालत नसे. दोन्ही दिवस दोन्ही वेळा कारलीच केली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली, हेही मला आवडलं नाही.

नक्कल पुढच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी बाबांना टपालानं मिळाली. बाबांनी पाकीट फोडलं नाही. विजयाचं पाकीट घरात एकट्यानं कशाला फोडायचं? त्यांनी मला निरोप धाडला, "वाचाले येजो." मारुतीच्या पारावर माणसं जमवली, दुकानवाल्या काकांना मानानं पुढे बसवलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मास्तरीण मुलगी, तिच्या तोंडून गावानं ऐकावं, अशी त्यांची हौस. हे तेव्हा दौऱ्यावर आलेले होते, पण पारावर काही आले नाहीत. "अर्जदाराचं काम आहे," म्हणून नालवाडीलाच राहिले.

मूळ कागद मोडीत होता, नकलेत बाळबोध केलेला. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गुरांची वाट, तलावातले मासे, होळीची लाकडं. लोक माना डोलवत होते. डोळे मात्र माझे पुढे पळाले आणि पोळ्याच्या ओळीवर पोचले, आणि मी होळीच्या लाकडांपाशीच थांबले.

लिहिलं होतं असं: पोळ्याची पहिली जोडी अमक्याच्या घरची. ते नाव दुकानवाल्या काकांच्या पणजोबांचं. पुढे, तो मयत झाला असून मुलगा अज्ञान आहे, सबब गावानं मिळून शेजारच्या घराला हा मान भरोशानं सांभाळायला दिला आहे, मुलगा कर्ता होईपर्यंत. आणि शेजाऱ्याचं नाव माझ्या पणजोबांचं.

मान आमच्याकडे होता खरा. पण ठेवायला दिलेला. पोर मामाकडे गेलं, तिकडेच मोठं झालं, इकडे सांभाळणारे मेले, आणि त्यांच्या मुलांना वाटलं की हे आपलंच.

पारावर कागद वाचू शकणारी मी एकटी नव्हते, पण कागद माझ्या हातात होता. दुसरा भाग गिळून "पहिली जोडी शेजारच्या घराला दिली आहे" एवढंच वाचलं असतं तरी खोटं झालं नसतं. बाबा माझ्याकडे पाहत होते. लहानपणी मी निकाल घेऊन घरी यायचे, तेव्हा ते पाहायचे तसे. मला खरंच वाटलं, गिळावी ती ओळ. मग डोळ्यांपुढे साबण लावलेला गाल आला, आणि मी यांच्यावर मनातल्या मनात चरफडत सगळं वाचलं. शब्द न शब्द.

बाबा म्हणाले, "आखिरचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बाबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग काकांकडे वळले. "भाऊ, मान तुहा. जोडी कोठं हाय?"

काका चपापले. त्यांची शेती बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेली. एक बैल गेल्या उन्हाळ्यात विकलेला, उरलेला म्हातारा. हक्क सांगण्याच्या भरात जोडी लागते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पारावर एक जण हसला, मग सगळेच हसले, आणि काकाही.

"माही ने," बाबा म्हणाले. "थे बैल रस्ता जानतात."

त्या पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी गेली ती बाबांचीच, पण कासरा काकांच्या हातात. कडक इस्त्रीचं धोतर नेसलेले काका पुढे ओढत होते आणि बैल दर दोन पावलांना मान वळवून मागे बाबांना शोधत होते. शेवटी काका ओरडले, "अरे, या ना बापा बाजूले! हे माह्याच्यानं नाई हालून राह्यले." बाबा पुढे झाले, जिभेनं टक्‌ टक्‌ केलं, तेव्हा बैल चालले. दोघं म्हातारे दोन बाजूंना. मी घाबरत बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते आनंदात होते. त्या दिवशी संध्याकाळी काका पुरणाचं जेवायला आमच्याकडे होते आणि त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या.

पण मला आतून टोचत होतं. बाबा तोंडावर हसतात आणि मनात कुढतात, असं मी धरूनच चालले होते. दिवाळीनंतर आंजीला गेले तर बैठकीच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, तीच नक्कल. काच लावून, चौकट करून, खाली उदबत्तीचं घर.

"बाबा, हे काऊन लावलं? हा तं आपल्या उलटा कागद हाय."

"उलटा कसा? पाय ना नीट. साऱ्या गावानं मिळून आपल्या घरावर भरोसा टाकला. असा कागद कोनाच्या घरी हाय?"

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मी यांना काय करायला सांगितलं होतं. कागद सापडला नाही म्हणा, असं. बाबा रागावतील म्हणून मान खाली घातली होती. मग हळूच वर पाहिलं, तर ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसत होते.

"मीबी तेच म्हनलं होतं त्याइले," ते म्हणाले. "अर्ज टाकल्यावर. बसस्टँडवर. तू केळं घ्याले गेलती तवा."

"मग? ते काय म्हणाले?"

बाबांनी चेहरा गंभीर केला आणि यांच्या साहेबी आवाजाची नक्कल करून म्हणाले, "कुठे कुठे शोधलं म्हणून लिहू?"

आम्ही दोघं इतकं हसलो की आई चुलीपुढून उठून आली. या माणसानं बापाचं लेकीला सांगितलं नाही, लेकीचं बापाला सांगितलं नाही, आणि दोन दिवस कारली खाल्ली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की राग कशाचा होता तेच आठवेना.

हसू ओसरल्यावर बाबा उठले, काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि आपल्या आज्याच्या नावावर बोट ठेवून थांबले. त्यांनी आज्याला कधी पाहिलेलं नव्हतं. घरात त्याचा फोटो नव्हता, कुठे नावही लिहिलेलं नव्हतं.

"बरं झालं आपलं नाई आयकलं त्याईनं," ते म्हणाले. "कागद सापडला नसता, तं हा बी सापडला नसता."