मोरीतल्या मुंग्या

दादाच्या मोरीत मुंग्या आल्या तेव्हा मलाच बोलावणं आलं. दादा माझा थोरला भाऊ, अमडापूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, त्यामुळे काही झालं की "मास्तरले इचारा". काळ्या मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून थेट लघवीच्या जागी चालली होती. भर दुपारी, जराही घाई न करता. वडिलांच्या शेवटच्या वर्षी अशीच रांग लागली होती. माझ्या अंगावर काटा आला, पण दादाला मी हसून दाखवलं.

चिखलीला तपासलं तर साखर वाढलेली निघाली. दादाला एकदा हृदयाचा झटका येऊन गेलेला, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. डॉक्टर म्हणाले, "साखर मुळातच काठावर होती. या गोळीने काही जणांच्या चरबीच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नसाव्यात, मग साखर थोडी चढते. पण गोळी सोडायची नाही. साखरेला वेगळं औषध देतो."

मी अर्धं ऐकलं आणि उरलेलं माझं मीच पूर्ण केलं. ती खोडच आहे मला. परतीच्या जीपमध्येच दादाला म्हणालो, "ते गोळी बंद करून पाह्य. मुंग्या जातात का नाही, पाहू."

"तू म्हनतं त करतो बे," दादा म्हणाला.

महिन्याभरात मुंग्या गेल्या. नव्या औषधाने गेल्या असतील, गूळ सोडल्याने गेल्या असतील, श्रेय मात्र मी घेतलं. तरी त्या रिकाम्या मोरीत मला उभं राहवत नसे. कोणीतरी काम उरकून निघून गेल्यासारखं वाटायचं. दिवाळीनंतर एका सकाळी ओसरीत बिनसाखरेचा चहा पिता पिता दादा छाती धरून कलंडला, तो गेलाच.

माणूस जिथे गेला तिथे आमच्याकडे पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपलं झाकतात. पिठावर ज्याची खूण उमटेल त्या जन्माला तो गेला, असं मानतात. वर्गात मी या समजुतीची कायम टर उडवली. दहाव्याच्या सकाळी वहिनीने टोपलं उचललं. पिठातून मुंग्यांची रांग चालली होती.

"मुंगीच्या जन्माले गेले," मागून कोणी बाई पुटपुटली.

वहिनी माझ्याकडे वळली. "त्यायच्या उशीखाली गोळ्यायची भरलेली पाकिटं सापडली. काऊन बंद केल्या असतीन त्यायनं?"

रांग पिठातून बाहेर पडली, ओसरी ओलांडून माझ्या पायाशी आली आणि तिथेच घोटाळत राहिली. मी पाय पोटाशी घेतले.

"मले नाही माहीत, वहिनी," मी म्हणालो.