गोळा पडला, हे दोघांनाही मान्य

फौजेतून सुटून आलेल्या माणसाकडे किस्से असतातच. पहिल्या वर्षी तो सांगतो आणि घरचे ऐकतात. नंतर तो सांगतो आणि घरचे आपल्या कामाला लागतात. मग किस्से नुसते साचत जातात, आणि ज्यांना ते आधीच पाठ आहेत अशांनाच पुन्हा सांगावे लागतात.

आमचं तसंच झालंय. जव्हारच्या एसटी डेपोसमोरच्या टपरीवर आम्ही तिघं बसतो. मी, पोशेऱ्याचा रघू भोये आणि साखरशेतचा मधुकर. तिघं एकाच पलटणीतले. मी रेडिओ सेटवर असायचो, रघू ड्रायव्हर, आणि मधुकर लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. आफ्रिकेतल्या एका देशात आम्ही शांतिसेनेत होतो. देशाचं नाव सांगत नाही. तिथली भांडणं अजून मिटलेली नाहीत, त्यात आपली भर कशाला.

एवढं मात्र सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दक्षिणेकडच्या डोंगरावर सरकारी फौज, समोर उत्तरेकडच्या डोंगरावर बंडवाले, मधल्या खोलगटात एक गाव आणि गावाला लागून आमची पोस्ट. निळी हेल्मेटं, निळा झेंडा. काम काय, तर मध्ये उभं राहायचं आणि गावातल्या माणसांना काही होऊ द्यायचं नाही.

*

रघू मांडीला जखम घेऊन, काठी टेकत पोशेऱ्याला परत आला, तेव्हा त्याचा चुलता विचारपूस करायला आला.

"कुनाशी लढाई व्हती?"

"आमची नव्हती, काका. त्यांची त्यांची होती."

"मंग तू कुनाच्या बाजूनं?"

"कुणाच्याच नाही. मध्ये होतो."

चुलत्यानं थोडा विचार केला. "मंग मारलं कुनी?"

"दोघंही म्हणतात, आम्ही नाही."

"मंग लागलं कसं?"

"तेच शोधतायत तिकडं."

चुलता उठला. जाताना रघूच्या आईला हळूच म्हणाला, "पोर लई दमलंय. झोपू दे त्याला. काय बी बोलतंय."

*

आता तो दिवस. आमचे मेजरसाहेब साताऱ्याकडचे. माणूस सरळ, कुणावर उगाच ओरडायचे नाहीत. गावचा बाजार पूर्वी ओढ्यापलीकडे भरायचा आणि तिथं दोन्हीकडच्या गोळ्या यायच्या. साहेबांनी गावाला सांगितलं, बाजार आमच्या कुंपणालगत भरवा. निळा झेंडा लांबून दिसतो, इथं कुणी मारणार नाही. गावानं ऐकलं. हातपंपही तिथंच होता, त्यामुळं रघू पाण्याची गाडी भरायला तिथंच लावायचा.

भर दुपारी, बाजार ऐन भरात असताना पहिला गोळा पडला. मी सेट उचलला आणि सरकारी फौजेच्या अधिकाऱ्याला लावलं. म्हटलं, "तुमचे गोळे आमच्यावर पडतायत. मारा थांबवा."

"आमचे नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही सकाळपासून एकही गोळा सोडलेला नाही."

त्याच्या बोलण्यामागं सेटमध्येच तोफेचा आवाज आला.

"हा कुठला आवाज?" मी विचारलं.

"ढग गडगडतायत. पाऊस येईल."

मग मी बंडवाल्यांना लावलं. त्यांचा माणूस म्हणाला, "आमच्याकडं तोफच नाही."

"नसेल तर नसेल. पण असली तर थांबवा."

"थांबवतो," तो माणूस म्हणाला.

थोड्याच वेळात दोन्ही डोंगर गप्प झाले. दोघांनीही गोळे मारले नव्हते, आणि दोघांनीही थांबवले.

रघूची गाडी तोवर पंपाजवळ आडवी झाली होती. शेंगा विकणाऱ्या एका बाईनं त्याला ओढत आमच्या गेटपर्यंत आणलं. मधुकरनं त्याला आत घेतलं. ती बाई पाणीसुद्धा न पिता माघारी पळाली, कारण तिची मुलगी बाजारातच होती. मुलगी तिला सापडली, पण जिवंत नाही.

*

पुढं संयुक्त चौकशी आली. संयुक्त म्हणजे सरकारी फौजेचा एक कर्नल, बंडवाल्यांचा एक कमांडर, परदेशातून आलेल्या एक बाई आणि आमचे मेजरसाहेब. गोळ्यानं बाजारात पडलेल्या खड्ड्याभोवती सगळे उभे राहिले. कर्नल म्हणाला, खड्ड्याचा आकार बघा, गोळा उत्तरेकडून आलाय. कमांडर म्हणाला, खड्ड्याचा आकार बघा, गोळा दक्षिणेकडून आलाय. बाईंनी फोटो काढले. मग दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात आले, तेव्हा साहेबांनी मधुकरला चहा आणायला सांगितलं.

मधुकर सांगतो, दोघांनी साखर जास्त मागितली. दोघांनी दुसरा कप घेतला. कर्नलनं कमांडरला बिस्किटाची बशीसुद्धा पुढं केली.

जायच्या आधी बाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की ठरलं काय? मला काहीतरी लिहावं लागेल."

कर्नलनं आणि कमांडरनं कप खाली ठेवले. मग मेजरसाहेब म्हणाले, "गोळा पडला, हे दोघांनाही मान्य आहे. एवढंच लिहा."

*

ती शेंगावाली बाई नंतर रोज सकाळी गेटवर यायला लागली. तिचं नाव आम्हाला कधी नीट उच्चारता आलं नाही. मधुकर तिला मावशी म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. गावातले एक म्हातारे शाळामास्तर आमचे दुभाषी होते. ते तिचं बोलणं इंग्रजीत सांगायचे.

तिला उत्तर-दक्षिण काही विचारायचं नव्हतं. तिचा प्रश्न आम्हाला होता. "बाजार इथं आणा, असं तुम्ही सांगितलंत. हे खरं ना?"

साहेबांना वरून हुकूम आला होता. चौकशी पुरी होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. ते गेटवर यायचे, हेल्मेट काढून काखेत धरायचे आणि म्हणायचे, "चौकशी चालू आहे."

मास्तर भाषांतर करायचे. ती ऐकून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. पुढं पुढं मास्तर कंटाळले. साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच ते तिला उत्तर देऊन टाकायचे. आणि शेवटी शेवटी तर मास्तरांचीही गरज उरली नाही. आमच्या पोरांचं हिंदी ऐकून ऐकून ती तेवढं शिकली होती. गेटवरच्या पहारेकऱ्याला बघून ती स्वतःच विचारायची, "जाँच चालू?"

पहारेकरी म्हणायचा, "चालू."

ती मान डोलवून शेंगा विकायला जायची.

आम्ही निघालो तेव्हा आमच्या जागी दुसऱ्या देशाची पलटण आली. मावशी त्या दिवशीही आली होती. मास्तरांनी नव्या साहेबाला तिचा प्रश्न सांगितला. नवा साहेब नम्रपणे म्हणाला, "तेव्हा आम्ही इथं नव्हतो." आम्ही ट्रकमध्ये बसलो होतो. त्याचं म्हणणंही खरंच होतं.

*

रघूच्या पेन्शनचं काम निघालं तेव्हा मीही बरोबर गेलो होतो. कुठली कचेरी ते सोडून द्या. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता, त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

"जखम युद्धात झाली का?" त्यानं विचारलं.

"गोळा लागला," रघू म्हणाला.

"तसं नाही. तिथं युद्ध चालू होतं का?"

"चालू होतं की."

"तुमचं होतं का?"

"नाही. आम्ही शांततेसाठी गेलो होतो."

"हां, मग अडचण आहे. युद्धातली जखम वेगळी, ड्युटीवरचा अपघात वेगळा. ज्यांनी गोळा मारला त्यांचं काही पत्र वगैरे आहे का?"

मी म्हटलं, "ते म्हणतात आम्ही मारलाच नाही."

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. रघू दमला होता. जव्हारपासून एसटीत उभ्यानं आला होता, पाय ठणकत होता. तो म्हणाला, "साहेब, लिहा ना. शांततेत लागलं."

*

प्रजासत्ताक दिनाला एका आश्रमशाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मी आपलं नेहमीचं बोललो. शिस्त, देशाचं नाव, निळी टोपी. मुलं पाय दुखेपर्यंत उभी होती. शेवटी हेडमास्तरांनी हौसेनं विचारलं, कुणाला काही प्रश्न?

सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, तुमचा झेंडा त्यांना दिसत नव्हता का?"

"दिसत होता."

"मग तरी मारलं?"

"हो."

"मग झेंडा कशाला लावला होता?"

मी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी घड्याळाकडं बघितलं आणि खाऊवाटप जाहीर केलं. खाऊच्या रांगेत ती मुलगी माझ्याजवळून गेली. तिनं प्रश्न परत विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

*

रघूच्या मांडीतला एक तुकडा तसाच राहिलाय. काढायला गेलं तर नस तुटेल, असं तिकडच्या सर्जनांनी सांगितलं होतं. मध्यंतरी पाय सुजला म्हणून त्याला जव्हारला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. एक्स-रे उजेडाकडं धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"तोफेच्या गोळ्याचा तुकडा."

डॉक्टर चमकले. "कुणाच्या गोळ्याचा?"

"आता माझाच म्हणायचा," रघू म्हणाला. "दुसरं कुणी घेत नाही."

*

मागच्या दिवाळीनंतर मेजरसाहेबांचा फोन आला. आता ते रिटायर झालेत. म्हणाले, नाशिकला आलोय, रघूला भेटायचंय. मी आणि मधुकर त्यांना घेऊन पोशेऱ्याला गेलो. भातकापणी उरकली होती, रघू खळ्यावर होता. त्याला बोलावणं धाडलं. घरी त्याची आई एकटीच होती, चुलीपुढं नागलीच्या भाकरी थापत. साहेब दारात वाकले, नमस्कार केला. मी ओळख करून दिली.

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. आमच्याकडची म्हातारी माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात.

"तू रघ्याचा सायब?"

"हो, आई."

"पोरगा धडधाकट दिला व्हता तुमाला. त्याला लागलं कसं?"

मी आणि मधुकरनं एकमेकांकडं बघितलं. हा प्रश्न आम्ही कुठं कुठं ऐकला होता, आणि त्याची उत्तरंही. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले.

"बाजार आमच्या कुंपणाजवळ भरवा, असं मी गावाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तिथं कुणी मारणार नाही. आणि रघूला तिथं पाण्याला मीच पाठवलं. दोन्ही मीच केलं, आई."

म्हातारीनं हातातली भाकर तव्यावर टाकली. उलटली. फुगू दिली. मग ताट पुढं ओढून त्यात भाकर घातली, मिरचीचा ठेचा घातला आणि साहेबांपुढं सरकवलं.

"रघ्या सांगतो, तिकडं एका बाईनं त्याला वढत आनला. तिची पोर मेली."

"हो."

"तिला सांगितलास का असं?"

साहेबांनी मान हलवली. नाही.

 म्हातारी चुलीकडं वळली, दुसरी भाकर तव्यावरून काढली आणि तीही त्यांच्याच ताटात वाढली.